सुटा भाग

शांताराम मेस्त्रींनी तेहतीस वर्षं मुंबईतल्या एका बंदुकीच्या दुकानात कारागीर म्हणून काढली आणि त्या तेहतीस वर्षांत आपण कुणाचा हेवा केला नाही, असं ते सांगत. ते खरंही असावं. हेवा करायला तोडीचा माणूस लागतो, आणि वसई-विरारच्या पट्ट्यात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हताच.

फुलपाड्याला दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको मनोरमा राहत. धाकटा भाऊ हरेश्वर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावरही पट्ट्यातले जुने परवानेवाले शांतारामांकडेच येत. कुणाच्या बंदुकीची कमान ढिली झालेली, कुणाचा दस्ता तडकलेला. शांताराम बंदूक हातात घेऊन बघत, पण घरात तिला स्क्रू ड्रायव्हर लावत नसत. "दुरुस्तीचा परवाना दुकानाचा आहे, माझ्या घराचा नाही," म्हणत, आणि बंदूकवाल्याला बरोबर घेऊन आठवड्यातून एकदा दुकानात जात. तिथे त्यांचा जुना बाक दुकानमालकानं अजून ठेवला होता. शस्त्र कायद्याचं एक छोटं पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. त्यातली कलमं त्यांना तोंडपाठ होती, आणि कुणी चुकीचं काही बोललं की ते लगेच दुरुस्त करत.

या सगळ्या गिऱ्हाइकांत नंदाखालचा डॉमनिक वेगळा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली तो बापाची दुनळी बंदूक घेऊन दुकानात आला होता. डोंगराकडेला त्याची भाताची शेती होती, तिथे रानडुकरं उतरत. त्यासाठी पीकरक्षणाचा परवाना. त्या दिवशी बंदूक दुरुस्त झाली आणि दोघं विरारपर्यंत एकत्र आले. तेव्हापासून नाताळला शांताराम नंदाखालला आणि गणपतीत डॉमनिक फुलपाड्याला, हा नेम कधी मोडला नाही. डॉमनिक सगळ्यांना सांगायचा, "माझ्या बंदुकीला दोनच मानसांचे हात लागलेत. एक माझे, एक शांतारामचे."

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुका झाल्या. नियमाप्रमाणे डॉमनिकनं बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. निकालानंतर ती सोडवून आणताना रिक्षातून उतरायला गेला आणि बंदूक हातातून सुटून सिमेंटच्या कट्ट्यावर आपटली. डाव्या नळीचा घोडा मुळापासून मोडला.

"असला घोडा आता मिळायचा नाही," शांताराम म्हणाले. "पोलादाचा तुकडा घेऊन कानशीनं घडवावा लागेल. मी घडवीन. पण घाई करू नकोस."

"घाई कोन करतो?" डॉमनिक म्हणाला. "तू करनार ना, मग झालं."

शांतारामांनी तुकडा घेतला, बाकावर बसले, आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की काम जमणार नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. ते त्यांनी मनोरमेलाही सांगितलं नव्हतं. कानस रेषेबाहेर जायला लागली. पहिला घोडा वाया गेला, दुसराही गेला. दुकानात त्यांच्यानंतर लागलेला कारागीर चांगला होता, त्याच्याकडे काम दिलं असतं तर महिन्यात झालं असतं. पण शांतारामांनी ते बाकाच्या खणात ठेवून दिलं, आणि डॉमनिकनं विचारलं की "चाललंय" एवढंच सांगू लागले.

याच सुमारास जितेश मधे आला.

जितेश हरेश्वरचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. तुळिंजला त्याचं सायबर कॅफे होतं, सहा कॉम्प्युटरचं. गणपतीतली डॉमनिकची आणि त्याची ओळख जुनीच होती, पण आता डॉमनिक कॅनडातल्या मुलाला, ग्लेनला, ईमेलनं पत्रं धाडायला जितेशकडे जाऊ लागला. एकदा बोलता बोलता बंदुकीचा विषय निघाला. जितेशनं नळीखालची खुणांची अक्षरं कागदावर उतरवून मागितली, दोन दिवस इंटरनेटवर शोधलं, आणि डॉमनिकला सांगितलं की ही बंदूक बर्मिंगहॅमला एकोणीसशे अकरा साली तयार झाली.

शांताराम तीस वर्षं डॉमनिकला सांगत आले होते, "पंचवीसच्या आसपासची असावी."

हे त्यांना कळलं ते नाताळच्या जेवणात, पंधरा-वीस माणसांसमोर. डॉमनिकच्या बायकोनं, लुईझानं, तळलेल्या पिठाचे फुगे आणि डुकराच्या मटणाचं इंद्याळ वाढलं होतं. त्या वर्षी जितेशलाही बोलावणं होतं. डॉमनिक पाहुण्यांना म्हणाला, "हा शांतारामचा पुतन्या. याने माझ्या बंदुकीची कुंडली काढली! अकरा सालची निघाली. माझ्या आज्याच्या लग्नाच्या वर्षाची. आनि शांताराम मला इतकी वर्षं पंचवीस सांगत होता!"

सगळे हसले. शांतारामही हसले. डॉमनिकनं जितेशला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, जिथे दरवर्षी शांताराम बसत. त्यात मुद्दाम काही नव्हतं, जागा रिकामी होती एवढंच. शांताराम जाऊन खिडकीजवळ बसले. परत येताना जितेश रिक्षात काहीबाही बोलत होता. शांताराम बाहेर बघत राहिले.

"तुमचं काय बिनसलंय?" मनोरमेनं घरी विचारलं.

"पोरानं लोकांसमोर माझी लाज काढली."

"त्यानं कुठे काही म्हटलं? डॉमनिक बोलला."

"एकच आहे ते."

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी जितेश खाली आला. हातात छापलेला कागद. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काका, हे बघा. हाच आहे ना?"

कागदावर फोटो होता. डावा घोडा. कोरीव कामासकट, अगदी तोच. अमेरिकेतला कुणी जुन्या बंदुका मोडून त्यांचे भाग वेबसाइटवर विकत होता. शांतारामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तीन महिने आपण कानशीनं जे घडवू शकलो नाही, ते या पोरानं खुर्चीत बसून शोधलं होतं.

"तोच आहे," ते म्हणाले.

"डॉमनिक अंकलना दाखवला. ते तर नाचायलाच लागले. मित्राचं क्रेडिट कार्ड आहे, त्याच्यावरून मागवतोय." मग जितेशनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "तुम्हाला एक विचारायचं होतं. खाली त्यानं इंग्लिशमध्ये लिहिलंय, आपल्या देशाचे कायदे तुम्हीच बघून घ्या म्हणून. हे मागवायला परवानगी वगैरे लागते का? अंकलकडे लायसन्स आहेच. आणि ही काही बंदूक नाही, सुटा भाग आहे."

शांतारामांना उत्तर माहीत होतं. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राबरोबर शस्त्राचे भागही येतात. घोडा एकटा असला तरी कायद्याच्या लेखी ते शस्त्रच. ते परदेशातून आणायचं तर आयातीचा परवाना वेगळा, आणि बंदूक बाळगायच्या परवान्यात तो नसतो. दुकानात अशा प्रकरणांत अडकलेले लोक त्यांनी पाहिले होते. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं.

"तुला सगळं इंटरनेटवर मिळतं ना," ते म्हणाले. "हेही मिळेल."

"बघितलं मी थोडं. नीट काही सापडलं नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

शांतारामांनी कागद परत दिला. "सुटा भागच आहे," ते म्हणाले.

जितेशनं ते होकार समजून घेतलं. कुणीही घेतलं असतं. "थँक्यू काका," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला.

त्यानंतरचे दिवस शांताराम स्वतःशी वाद घालत राहिले. फार तर काय होईल, पार्सल कस्टममध्ये अडकेल, जप्त होईल. पोराचे पैसे जातील, चारचौघांत फजिती होईल. मग डॉमनिकला कळेल की सगळंच कॉम्प्युटरवर होत नसतं. एवढंच व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. अशी प्रकरणं एवढ्यावरच थांबत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं. एका दुपारी त्यांनी कपाटातलं पुस्तक काढलं, ते कलम वाचलं, आणि पुस्तक साड्यांच्या खाली सरकवून दिलं.

आठवड्यानं डॉमनिकचा फोन आला.

"शांताराम, पार्सल माझ्या नावानं येनार बरं का. जितेश म्हनाला, लायसन्स तुमचं, मग नाव पन तुमचंच टाकू. बरोबर ना?"

पार्सल डॉमनिकच्या नावावर येणार, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. अजून माल निघाला नसेल. रद्द करा म्हटलं की संपलं.

"डॉमनिक," ते म्हणाले, "ऐक जरा—"

"आधी माझं ऐक. मागवला पोरानं, पन बसवनार तूच. दुसऱ्या कोनाचा हात लावून घेनार नाही मी." डॉमनिक हसला. "आनि बसवशील तेव्हा जितेशला बाजूला उभा कर. शिकव त्याला. हुशार आहे पोरगा. तुझ्यानंतर कोन आहे आम्हाला?"

तुझ्यानंतर. डॉमनिकनं त्यांची जागा आताच भरून टाकली होती.

"तू काय म्हनत होतास?" डॉमनिकनं विचारलं.

"काही नाही. लुईझाची तब्येत कशी आहे?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डॉमनिकला मुंबईच्या परदेशी टपाल कचेरीतून चिठ्ठी आली: पार्सलसंदर्भात ओळखपत्र घेऊन हजर राहावे. त्याला वाटलं, माल आला, काही कर भरून सोडवायचा असेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून, परवान्याचं पुस्तक घेऊन जितेशबरोबर गेला. तिथे कस्टमच्या अधिकाऱ्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब लिहून घेतले. डॉमनिकनं सगळं खरं सांगितलं, आणि जे सांगितलं त्यातल्या प्रत्येक वाक्यानं तो अडकत गेला. हो, माझ्यासाठीच मागवलं. हो, बंदुकीलाच लावायचं होतं. नाही, आयातीचा परवाना नाही.

प्रकरण पोलिसांकडे गेलं. गुन्हा नोंदवला गेला आणि दोघांना अटक झाली. नंदाखालला पोलिसांची गाडी आली, दुनळी आणि परवाना घेऊन गेली. वाडीतली माणसं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. तुळिंजला कॅफेतले सहाही कॉम्प्युटर पंचनामा करून उचलले.

हरेश्वर धावत खाली आला आणि दारातच बसला. "दादा, हे काय झालं रे? पोरगा म्हणतो मी काकांना विचारलं होतं. तू त्याला सांगितलं नाहीस?"

मनोरमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुईझा आली. बरोबर तिची भाची रिटा. ती वसई कोर्टात वकिली करायची. लुईझाच्या हातात डॉमनिकच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. कोठडीत पोचवायच्या होत्या, पण कशा, ते तिला कळत नव्हतं.

"शांतारामभाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला कायदा ठावा. सुटतील ना ते? त्यांनी बंदूक कधी कोनावर उगारली नाही. डुकरावर सुद्धा हवेतच मारायचे."

शांताराम बसले होते ते उठले. म्हणाले, "रिटा, तू लिहून घे. मला सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. तेहतीस वर्षं आपण हेच काम केलं, सुटा भागही कायद्यानं शस्त्रच असतो हे आपल्याला माहीत होतं, जितेशनं स्पष्ट विचारलं होतं, आणि आपण मुद्दाम सांगितलं नाही.

"मुद्दाम?" रिटानं पेन थांबवलं. "का?"

"मला त्याचा हेवा वाटत होता."

लुईझाला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. तिनं रिटाकडे पाहिलं. मग तिनं गोळ्यांची पिशवी छातीशी धरली आणि उभी राहिली.

"त्यांना तिथं जमिनीवर निजवलंय, भाऊ," ती म्हणाली. "सहासष्ट वर्षांचा मानूस." आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून ती जिना उतरून गेली.

रिटा मात्र थांबली. तिनं कोरडेपणानंच सांगितलं, "कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही, काका. तुमच्या जबाबानं गुन्हा पुसला जाणार नाही. पण त्यांनी जाणकाराला विचारलं होतं, लपवाछपवी केली नव्हती, हे दिसेल. जामिनाला उपयोग होईल. फक्त तुम्हालाही कोर्टात बोलावतील, आणि समोरचा वकील सोडणार नाही."

"बोलावू दे."

पाचव्या दिवशी जामीन झाला. शांताराम कोर्टाबाहेर चहाचा थर्मास घेऊन उभे होते. दाढी वाढलेला डॉमनिक बाहेर आला. पाय ओढत चालत होता. एक हात जितेशच्या खांद्यावर होता. पाच दिवस दोघं एकाच कोठडीत होते. पोरानं त्याचे पाय चेपले होते, त्याला आपली सतरंजी दिली होती. डॉमनिकनं शांतारामांना पाहिलं, पण हात खांद्यावरून काढला नाही.

आणि त्या क्षणीही, सगळं आपल्याच हातून झालंय हे माहीत असताना, शांतारामांच्या मनात तोच हेवा उठला. त्या खांद्याकडे बघताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी थर्मास हरेश्वरच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

आठ दिवसांनी ते एकटे नंदाखालला गेले. डॉमनिक विहिरीजवळ केळीच्या मुळाशी फुटलेली पिलं काढत होता. लुईझानं त्याला सगळं सांगितलेलंच होतं.

"खरं काय ते तुझ्या तोंडून सांग," डॉमनिक म्हणाला.

"मी तीन महिन्यांत घोडा घडवू शकलो नाही. मला दिसत नाही नीट. तुला सांगायची लाज वाटली. मग पोरानं तो शोधून आणला, आणि तू सगळ्यांना तेच सांगत सुटलास. मला बघवलं नाही."

"मग मला शिवी द्यायचीस. त्याला एक थोबाडीत मारायचीस." डॉमनिकनं कोयता खाली टाकला. "मी फोन केला होता तुला! पार्सल माझ्या नावानं येनार म्हनून सांगितलं तुला. तेव्हा पन गप्प बसलास?"

"बसलो."

"लुईझाच्या तब्येतीचं विचारलंस मला."

शांतारामांनी खाली पडलेला कोयता उचलून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला.

"जा तू, शांताराम," डॉमनिक म्हणाला. आवाज चढवला नाही. "आता काही बोललो तर मागं घेता येनार नाही. जा."

खटला चार वर्षं चालला. दर तारखेला शांताराम जात, बोलावणं असो वा नसो. साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलानं त्यांना दीड तास उभं केलं. पुतण्याला वाचवायला ही कहाणी रचलीत का, असं चार वेळा विचारलं. आपला हेवा भर कोर्टात, पट्टेवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांसमोर त्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागला. दुकानाच्या मालकानं त्यांचा बाक हलवला. परवान्याचा धंदा होता, कोर्टात गेलेल्या नावाची त्याला भीती वाटली.

शेवटी डॉमनिक निर्दोष सुटला. माल त्याच्या ताब्यात कधी आलाच नव्हता आणि मागवणारा तो नव्हता, हे कोर्टानं धरलं. बंदुकीचा परवाना मात्र रद्द झाला तो झालाच, आणि दुनळी सरकारजमा झाली. जितेशला शिक्षा झाली. त्यानं जामिनावर राहून अपील केलं, ते अजून पडून आहे. कॅफे कधीच बंद पडलं होतं. कॅनडाला ग्लेनच्या ओळखीनं नोकरीची बोलणी चालली होती, पण गुन्हा नावावर असताना पासपोर्ट मिळेना. आता तो नालासोपाऱ्याला एका मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात शांताराम त्याच्याजवळ गेले. चार वर्षांत दोघं या विषयावर एकदाही बोलले नव्हते.

"तुझं आयुष्य मी बिघडवलं," ते म्हणाले.

जितेशनं निकालाचे कागद पिशवीत घातले. "मी विचारलं होतं काका," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणालाच विचारलं नाही. तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, असंच आमच्या घरात नेहमी म्हणायचे." एवढं बोलून तो वडिलांना शोधायला गेला.

खटल्याच्या काळात तर नाहीच, पण निकालाच्या वर्षीही गणपतीत डॉमनिक आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी लुईझा एकटी आली, केळीचा एक घड ठेवून, आरतीला थांबून गेली. जाताना मनोरमेला म्हणाली, "त्यांनीच धाडलाय. पन मी आपल्या मनानं आनला, असं सांग म्हनाले."

शांताराम आत पलंगावर पडून होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती. त्यांनी ते ऐकलं. वरच्या मजल्यावर जितेशची पावलं वाजत होती. तो आरतीला खाली आला नव्हता. थोड्या वेळानं शांताराम उठले, घडातल्या दोन फण्या काढल्या आणि कठडा धरून, चाचपडत जिना चढू लागले. मनोरमा मागून म्हणाली, "मी नेऊन देते की."

"नको," ते म्हणाले, आणि चढत राहिले.